आधी पागोळ्या, मग घर

आवाज ऐकताय ना? पागोळ्यांचा आहे. फोंडा तालुक्यातलं जुनं घर, जून महिना, सकाळपासून धो धो चाललाय आणि आम्ही कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून सोप्यावर बसलोय, कोरडे ठणठणीत. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांतच, मग इथे घर बांधताना हे सगळं पाणी जाणार कुठून याचा विचार आधी व्हायचा, हॉल केवढा नि किचन कुठे हे नंतर.

छपराचा उतार बघा, आणि वासे कसे भिंतीच्या बाहेर चांगले हात-दीड हात आलेत, म्हणजे पागोळी पडते ती भिंतीपासून लांब. वर मंगळुरी कौलं. आधी नळे, म्हणजे अर्धगोल देशी कौलं, असायची, मग 1865 मध्ये बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती मिशनवाल्यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि हळूहळू अख्खी किनारपट्टी लाल झाली. कौलांना फटी असतात म्हणून नाकं मुरडतात लोक, पण मे महिन्यात आतली गरम हवा वर चढते आणि त्याच फटींतून निघून जाते, वीजबिल शून्य.

भिंत जांभ्याची. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, सहज तासता येतो, मग वारं लागलं की कडक होत जातो. पण सच्छिद्र, पाणी पितो. म्हणून जुन्या लोकांनी वरून चुन्याचा गिलावा दिला, ओल आत गेली तरी सुकून बाहेर पडते. त्यावर आता सिमेंट थापतात, ओल आतच अडकते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात.

आणि ही खिडकी, माझी सगळ्यात लाडकी. काच नाहीच, शिंपले आहेत. तळहाताएवढे चपटे, लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकेक सरकवलेले. बाहेर कितीही रखरखीत ऊन असो, आत उजेड येतो तो दुधासारखा. चिखलीच्या खाडीत हा शिंपला अजून आहे, पण आता कायद्याने संरक्षित, त्यामुळे जुन्या खिडक्या जपणं एवढंच हातात.

आत राजांगण, म्हणजे घराच्या मधला उघडा चौक. मधे तुळस, चारी बाजूंनी छपराचं पाणी इथेच उतरतं आणि जमिनीखालच्या गटारातून मागे कुळागरात, म्हणजे बागायतीत जातं, सुपारीच्या मुळाशी. घराची जागाही बघा कशी निवडलीय. वर डोंगर, तो झाडांसाठी सोडलेला, खाली शेत, आणि मधल्या उंचवट्यावर वाडा. खाडीकाठच्या गावांत खाली खाजन असतं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन, तिथे बांध नि मानशी (पाण्याची दारं) सांभाळत भात पिकवायचं, घर बांधायचं नाही. आता डोंगर कापून व्हिला होतायत आणि खाली शेतात भराव, मग पहिल्याच पावसात लाल चिखल रस्त्यावर आला की सगळे आश्चर्यचकित!

नवीन बांधकाम म्हणजे वाईटच, असं काही नाही हं. पणजीत कांपालला वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी कला अकादमी केली, ती बसकी, झाडांच्या वर डोकं न काढणारी, रस्त्यावरून आत शिरलात की मोकळ्या फॉयरमधून चालत थेट मांडवीपर्यंत. नाटक बघायला न जाताही कितीतरी वेळा मी तिथे नुसता वारा खात बसलोय.

आणि आमच्या स्वतःच्या घराचं सांगतो. बाबांनी हौसेने सपाट स्लॅबचा बंगला बांधला, कौलं म्हणजे गावठी वाटायची तेव्हा. चौथ्या वर्षी गळायला लागला. वॉटरप्रूफिंग झालं, परत गळला, शेवटी स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभा करून उतरते पत्रे टाकले. गोव्यात कुठेही फिरा, दर दुसऱ्या बंगल्यावर हेच दिसेल, स्लॅबच्या डोक्यावर पत्र्याची टोपी.

तेवढ्यात या घरातल्या काकी बादली घेऊन आल्या, सोप्याच्या कोपऱ्यात टप टप चालू झालंय. माकडांनी दोन कौलं फोडली म्हणे.

"दर मेमध्ये शाकारून घेत होतो रे, यंदा माणूसच मिळाला नाही. येतो म्हणाला, आलाच नाही. आता श्रावणापर्यंत बादली."