हैदराबाद स्क्वाड्रनचा डग्लस शेप्ली

मंडळी, मराठवाड्याला समुद्र नाही. तरी आज मला दुसऱ्या महायुद्धात इंग्लिश खाडीत हरवलेल्या एका वैमानिक पोराबद्दल बोलायचं आहे. डग्लस शेप्ली, वय २२. त्याच्या तुकडीला आपल्या त्या वेळच्या राज्याचं नाव होतं.

ब्रिटिश हवाई दलाची १५२ वी तुकडी म्हणजे हैदराबाद स्क्वाड्रन. निजामाने युद्धासाठी पैसा दिला, म्हणून हे नाव पडलं. तिच्या बोधचिन्हावर निजामाचं शिरोभूषण आहे. ११० आणि २५३ या तुकड्यांनाही हैदराबादचंच नाव. आता निजामाच्या तिजोरीत पैसा यायचा कुठून? औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, हे पाचही जिल्हे त्याच्या राज्यात होते. इथल्या ज्वारी-कापसाचा सारा तिथेच जमा व्हायचा. कुणब्याला कुणी विचारलं नाही. १९३८ साली सत्याग्रह करून आपली माणसं त्याच निजामाच्या तुरुंगात गेली होती. ही चीड मलाही आहे. पण ती त्या पोरावर काढावी, असं मला वाटत नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात ही तुकडी दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या वॉर्मवेल तळावर होती. १२ ऑगस्टला जर्मन बॉम्बफेकी विमानं पोर्ट्समथ बंदरावर आणि आयल ऑफ वाइट बेटावर चालून आली. त्यांना अडवायला शेप्ली स्पिटफायर हे लढाऊ विमान घेऊन उडाला आणि बेटाच्या दक्षिणेला समुद्रावर नाहीसा झाला. त्याच झुंजीत तुकडीतला ऑस्ट्रेलियन वैमानिक लॅथम विदॉलही गेला. दोघांचेही देह मिळाले नाहीत.

देह का मिळत नसत, हे नीट समजून घ्या. स्पिटफायरचं इंजिन पुढे, जड. पंखांखाली रेडिएटर. पाण्यावर टेकलं की तिथे पाणी अडायचं, नाक खाली जायचं आणि काही क्षणांत विमान तळाला. छत्रीने उडी मारली, तरी अंगावर तोंडाने फुगवायचं जाकीट, बस्स. त्या उन्हाळ्यात ब्रिटिश लढाऊ वैमानिकाजवळ रबरी होडी नव्हती. जर्मनांकडे ती होती, शिवाय पाण्यावर उतरणारी विमानंही होती. समुद्रात पडलेल्यांना शोधायची वेगळी यंत्रणा ब्रिटिशांनी उभारली ती १९४१ मध्ये. तोवर कितीतरी पोरं नुसती गारठून गेली. ती जगू शकली असती, हे मला फार लागतं.

आपल्याकडे देह न मिळालेल्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पालाशविधी. जुन्या शास्त्राने बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायला सांगितलंय. मागे राहिलेल्यांच्या हातांना काहीतरी करायला लागतं हो. शेप्लीच्या माईने काय केलं? एक मुलगा मे महिन्यात फ्रान्समध्ये डंकर्कला मारला गेलेला, हा दुसरा. सून नवी नवरी. सासू-सुनेने मिळून गावोगाव वर्गणी गोळा केली, ५,७०० पौंड जमवले आणि हवाई दलाला एक स्पिटफायर घेऊन दिलं. त्यावर नाव घातलं शेप्ली. २८ मार्च १९४२ ला ग्रुप कॅप्टन व्हिक्टर बीमिश तेच विमान घेऊन गेला, तोही परतला नाही. त्याच खाडीत.

शेप्ली, विदॉल, बीमिश या तिघांची नावं लंडनजवळ रनिमीडच्या स्मारकावर कोरली आहेत. १९५३ साली उघडलेल्या त्या स्मारकावर थडगं नसलेल्या २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावं आहेत.

आणि आपल्याकडे? ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक तिच्यासोबत गेले. सैन्यात गेलेला आणि परत न आलेला माणूस तुमच्याही गावात असेल. इथे कॉलेजची मुलं बसली आहेत, त्यांना माझं एक मागणं आहे. आपापल्या तालुक्यात घरोघर जा. नाव, गाव, पलटण, शेवटचं पत्र कुठून आलं, सगळं लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसांपासून सुरुवात करा.