अक्षता पडताना कॅमेरा कुठं असावा

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या पोरांनी मला सांगितलं की तुम्ही घरच्या लग्नात शूटिंग करताय त्याच्यावर बोला, आणि समोर बघतोय तर मावश्या-काकवा आहेत, कॉलेजची पोरं आहेत, उचगावहून आलेले दोघं-तिघं आहेत आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. म्हणजे कॅमेरा नाही असं इथं कुणीच नाही. तेव्हा कुठला कॅमेरा घ्यावा ते मी सांगणार नाही. तो घेऊन उभं कुठं राहायचं आणि घरी आल्यावर त्या व्हिडिओचं काय करायचं, एवढंच बोलतो.

सुरुवात माझ्या बहिणीच्या लग्नापासून करतो. १९९४ चा मे महिना, दारात मांडव, शूटिंगवाल्याच्या खांद्यावर तो मोठा कॅमेरा, वर डोळे दिपवणारा हॅलोजन आणि मागं वायर सांभाळत फिरणारा एक पोरगा. तीन तासांची व्हीएचएस कॅसेट झाली होती. तिच्या अगदी शेवटी, पाठवणीच्या वेळी, आमचे आप्पा जावयाचा हात हातात घेऊन दोन-तीन मिनिटं बोलत होते, अर्धं मराठी अर्धं कन्नड, ते नेहमी बोलायचे तसंच. आम्ही ती कॅसेट किती वेळा बघितली असेल. आणि पुढं कधीतरी घरातल्याच कुणीतरी तिच्यावर क्रिकेटची मॅच रेकॉर्ड केली. व्हीएचएसच्या कॅसेटला कडेला प्लास्टिकचा एक बारका तुकडा असतोय, तो मोडून टाकला की परत तिच्यावर रेकॉर्डिंग होत नाही, पण ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. १९९९ साली आप्पा गेले. फोटो भरपूर आहेत त्यांचे, फेटा बांधलेले, आहेर घेतानाचे, पण आवाज कुठंच नाही. माझी मुलगी विचारते, आजोबा कसे बोलायचे, आणि मी तिला ते सांगूच शकत नाही.

म्हणून मी ह्या नादाला लागलो. २००१ मध्ये भावजींनी मिनीडीव्हीचा हँडीकॅम घेतला, तासाभराची छोटी टेप लागायची त्याला, तो कुठल्याही कार्याला मी मागून न्यायचो आणि तेव्हापासून आजपर्यंत घरातलं बारसं, डोहाळजेवण, लग्न, गृहप्रवेश, मी कॅमेऱ्याशिवाय गेलेलो नाही.

आता मुख्य मुद्दा. पैसे देऊन बोलावलेला फोटोग्राफर असतोय तो स्टेज सांभाळतो, आणि तो चांगलंच काम करतो, मी त्याला अजिबात नावं ठेवत नाही. पण त्याला तुमची मोठी आत्ती कोण, कुठला मामा दहा वर्षांनी दारात आलाय, कोण कुणाशी बोलत नव्हतं आणि आज पंगतीत शेजारी बसलंय, हे कसं कळणार? ते तुम्हाला कळतंय. मग तुम्ही पण स्टेजवर चढून त्याच्या कोपराखालून मोबाईल घालून तोच अंतरपाट कशाला काढताय? मागं बसलेल्या लोकांना नवरा-नवरी दिसत नाहीत, सगळ्यांच्या पाठीच दिसतात. माझं म्हणणं आहे, अक्षता पडताना स्टेजकडं पाठ करा. अक्षता टाकणाऱ्यांचे चेहरे बघा. नाहीतर सरळ मांडवातून बाहेर पडा.

मी तसा बाहेर पडलो होतो एकदा, २०१८ ला, मावसबहिणीच्या लग्नात. आमच्यात मुलीची आई अक्षता पडताना मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालते. मी परड्याच्या दारात चौकटीला खांदा टेकून उभा राहिलो, झूम नाही काही नाही, नुसता धरला मोबाईल. मावशी पाठमोरी नव्हती, थोडी तिरकी बसलेली. पुढच्या अंगणातून स्पीकरवर मंगलाष्टका ऐकू येत होत्या आणि ती तांब्यातनं अगदी बारीक धार सोडत होती, ओठ हलत होते तिचे. दर ‘सावधान’ला धार थांबायची, परत सुरू व्हायची. शेवटच्या ‘सावधान’नंतर बँड वाजला तोवर तांब्या रिकामा झालेला, वृंदावनातनं पाणी वाहून तिच्या पायाखाली आलेलं, पण ती तांब्या तसाच तिरपा धरून बसलेली. मग डाव्या हाताने पदर डोळ्याला लावला, उठली आणि ‘हुग्गीला वेलदोडे घातले काय गं?’ म्हणून आत ओरडली. चार मिनिटांचा व्हिडिओ आहे. त्या लग्नाचा अल्बम वजनाने तीन किलोचा असेल, पण त्यात ही मावशी नाही.

आणि हे सांगतो, तो व्हिडिओ मी तिला दाखवल्याशिवाय कुणाला दिला नाही. तिने दोनदा बघितला आणि म्हणाली, ‘दुसऱ्या कुणाला पाठवू नको, पण पुसू बी नको.’ इथं सांगायची परवानगी तिची घेऊन आलोय, व्हिडिओ दाखवणार नाही. हळदीत बायका मोकळ्या बसलेल्या असतात, नाचतात, रडतात, ते काढावं जरूर, पण लगेच स्टेटसला लावायचं नसतंय. आधी विचारायचं.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि ही मला चित्रापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण का ते मी सुरुवातीला सांगितलंच. मोबाईलचा माईक जवळचं ऐकतो, लांबचं ऐकत नाही, झूम केल्यावर चित्र जवळ येतंय पण आवाज आहे तिथंच राहतोय. म्हणून बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर जा. नाहीतर घरातला दुसरा मोबाईल व्हॉइस रेकॉर्डर लावून त्यांच्याजवळ पाटावर ठेवून द्या, एरोप्लेन मोड टाकून, नाहीतर नेमका केटररचा फोन येतोय आणि रेकॉर्डिंग तुटतंय. बँड सुरू झाला की कुणाचंही बोलणं मिळत नाही, त्यामुळं म्हाताऱ्या माणसांना लग्नाच्या दिवशी गाठू नका, आदल्या दिवशी सकाळी गाठा, जात्यावर हळद दळताना. आमच्या आईचं माहेर बैलहोंगलकडचं, तिकडच्या बायका हळदीला कन्नडमधून सोबाने पदं, म्हणजे मंगलकार्याची गाणी, म्हणतात आणि इकडच्या आमच्या आज्ज्या मराठी ओव्या, एकाच मांडवात, एक संपलं की दुसरं. ही गाणी कागदावर कुणी लिहिलेली नाहीत हो आमच्या घरात. म्हणणाऱ्या चौघी होत्या, आता एकच आहे, आणि तिला पण सगळं आठवत नाही.

उजेडाचं थोडक्यात सांगतो. हिरव्या किंवा केशरी कापडाच्या मांडवाखाली चेहऱ्यावर तोच रंग उतरतो, तेव्हा फोटोसाठी माणसाला मांडवाच्या कडेला, जिथं उघड्यावरचा उजेड येतो तिथं घ्या. कार्यालयात एलईडीखाली व्हिडिओत काळे पट्टे फिरताना दिसतात, ते मोबाईल बिघडल्यामुळं नव्हे. आपली वीज ५० हर्ट्झची, बरेचसे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड आत घ्यायचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे जातात. लेन्स सुती कापडाने पुसा, हळदीचं बोट लागलेलं असतंय तिथं. आणि बटण दाबल्यावर दहा आकडे मनात मोजेपर्यंत हात हलवू नका.

आता जुन्या टेपा. हे मी कळकळीने सांगतोय, ऐका. ज्यांच्या कपाटात व्हीएचएस आहेत त्यांनी ह्या उन्हाळ्यातच त्यांचं बघा. व्हीसीआर, म्हणजे ह्या कॅसेट चालवायचं मशीन, ते बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने २०१६ च्या जुलैत ते बनवणं बंद केलं, म्हणजे आता जी मशीनं आहेत ती जुनीच आणि दुरुस्त करणारे हात पण कमी होत चाललेत. त्यात आपला पाऊस. कणकुंबीच्या एका पावण्यांनी मला लग्नाच्या सहा टेपा आणून दिल्या, झाकण उघडून बघतोय तर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी, पीठ भुरभुरल्यासारखी. अशी टेप चुकूनसुद्धा मशीनमध्ये घालू नका, बुरशी मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि नंतर घातलेली चांगली टेपसुद्धा खराब होते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागते. त्या सहातल्या चार वाचल्या. मिनीडीव्हीची एक तासाची टेप कॉम्प्युटरवर घ्यायला पूर्ण तासच जातो आणि साधारण १३ जीबी जागा लागते, दुसरा झटपट मार्ग नाही, बसायची तयारी ठेवायची.

कॉपी तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाईकाच्या घरी. व्हॉट्सअॅपवरनं फोटो पाठवायचा असला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो लहान होऊन जातोय.

आणि नावं. कागदी फोटोच्या मागं मऊ शिसपेन्सिलीने लिहा, बॉलपेनने लिहिलं तर पुढं वळ उठतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापुढं अल्बम ठेवायचा, मोबाईल सुरू करायचा आणि ‘हे कोण?’ एवढंच विचारत जायचं. एका फोटोला अर्धा तास लागला तरी मध्ये बोलायचं नाही. नाव पण मिळतंय आणि आवाज पण मिळतोय.

आता २००१ ची माझी पहिलीच टेप, त्यातला फक्त आवाज ऐकवतो. आज्जी हळद दळत बसलीय. एक ओवी म्हणते, मध्येच जातं थांबवते आणि मला विचारते, ‘चालू हाय काय रे ते?’ मी हो म्हटल्यावर पदर सारखा करते आणि परत पहिल्यापासून म्हणते. बांगड्यांचा आवाज पण येतोय, लक्ष द्या. तो पंखा जरा बंद करा की कुणीतरी.