रेक्टँगल सात

(पडदा पूर्ण काळा. फक्त भरभर बोलणारा यांत्रिक आवाज.)

"रेक्टँगल तीन. रेक्टँगल सात. ओव्हल दोन. बटण. बटण. आयएमजी अंडरस्कोर झीरो झीरो फोर डॉट पीएनजी. बटण."

(दोन सेकंद शांतता.)

हा एका ऑनलाइन कोर्सचा पहिला पडदा होता. चित्र आलं नाही म्हणून मोबाइल हलवून बघू नका, मुद्दामच दाखवलेलं नाही. कोर्सचा विषय सायबर सुरक्षा. बँकेतल्या प्रत्येकाला तो दरवर्षी करावाच लागतो. तारीख उलटली की साहेबांना मेल जातो, आणि मग साहेबांचा फोन तुम्हाला. ज्या ताईंच्या कानावर हे रेक्टँगल आणि ओव्हल पडले, त्या बँकेत सतरा वर्षं आहेत. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांचं नाव घ्यायचं नाही, बँकेचंही नाही, एवढीच त्यांची अट.

आणि तो कोर्स मी बनवला होता.

(पुणे. सकाळची वेळ, ऑफिसमध्ये ओळीने मांडलेले मॉनिटर.)

पुण्यात हा धंदा जुना आहे. परदेशातल्या विमा कंपनीचा कोर्स असो की इथल्या बँकेचा, तो कोथरूड-बाणेरकडच्या एखाद्या मजल्यावर तयार झालेला असू शकतो. आम्ही स्लाइड रचतो, त्यावर आवाज चढवतो, प्रश्न घालतो. स्लाइडवर एक चौकोन काढला की सॉफ्टवेअर त्याला आपोआप नाव देतं: रेक्टँगल एक. पुढचा, रेक्टँगल दोन. ही नावं बदलायला आमच्यापैकी कुणी कधी गेलंच नाही, कारण ती पडद्यावर उमटत नाहीत. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मात्र नेमकी तीच वाचतं.

रेक्टँगल सात म्हणजे 'पुढे' जायचं बटण.

(ताईंचं घर. जेवणाचं टेबल, त्यावर उघडा लॅपटॉप. स्क्रीन काळी.)

लॅपटॉप चालू आहे. ताई उजेड शून्यावर ठेवतात. "बॅटरी वाचते," म्हणतात. माऊस घरात नाही. एक होता, तो मुलीने हॉस्टेलवर नेला. एका कानात इयरफोन. त्यांच्या नेहमीच्या वेगाने स्क्रीन रीडर बोलू लागला तेव्हा मला एक शब्द कळला नाही. आमच्या शूटिंगसाठी त्यांनी वेग कमी केला आणि पाहुण्यांना पंखा लावून द्यावा तशा हसल्या.

त्या वापरतात तो एनव्हीडीए. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी तो लिहायला घेतला. करन स्वतः अंध. पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, तेही अंध. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरातली. त्याआधी चांगला स्क्रीन रीडर विकत घ्यायचा तर तो अनेकदा कॉम्प्युटरपेक्षा महाग पडायचा. हा फुकट आहे.

ताई 'एच' दाबतात. एच म्हणजे पुढचं हेडिंग, के म्हणजे पुढची लिंक, बी म्हणजे बटण. आपण पेपर उघडल्यावर मथळ्यांवरून नजर फिरवतो, तसंच हे. वेबएम या अमेरिकी संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दहापैकी सात स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी सांगितलं होतं, की लांबलचक पानावर काही शोधायचं तर ते आधी हेडिंगवरून जातात. ताईंनी एच दाबलं. उत्तर आलं, हेडिंग नाही. माझ्या स्लाइडवर तर मोठ्या, जाड, निळ्या अक्षरांत मथळा होता! पण तो दिसायलाच मथळा. 'हे हेडिंग आहे' असं कॉम्प्युटरला सांगायचं राहून गेलं होतं.

तेवढ्यात कोर्सचा आवाज आपणहून सुरू झाला. "नमस्कार, या प्रशिक्षणात आपलं स्वागत आहे..." त्याच वेळी स्क्रीन रीडरही बोलतोय. दोन माणसं एकदम बोलायला लागली की आपण एकाला "थांब जरा" म्हणतो. इथे थांबवायचं बटण कोणतं, तर रेक्टँगल तीन.

(पडद्यावर प्रथमच स्लाइड दिसते: दोन रकाने, डावीकडे हिरवा, उजवीकडे लाल.)

ही चौथी स्लाइड मला सगळ्यात जास्त लागली. डावीकडे 'हे करा', उजवीकडे 'हे करू नका'. डोळ्यांना अगदी स्वच्छ. क्रम मी ठरवला नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरने आपला क्रम लावला: डावीकडून उजवीकडे, वरून खाली. ताईंना ऐकू आलं ते असं:

"हे करा. हे करू नका. पासवर्ड लांब ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. लिंक उघडण्याआधी पत्ता तपासा. ओटीपी फोनवर सांगा."

ताई म्हणाल्या, "मला वाटलं, बँकेने धोरण बदललं."

(आणखी एक स्लाइड. एका खोट्या मेलचं चित्र.)

आता अकरावी स्लाइड. हिचा मला अभिमान होता. एक बनावट मेल, अगदी खऱ्यासारखा. 'संशय यावा अशा चार जागा शोधा आणि क्लिक करा.' क्लायंटने मीटिंगमध्ये वाहवा केली होती. पण मेल म्हणजे एक चित्र. सुरुवातीला ऐकलंत तसंच, इथेही फाइलचं नाव तेवढं ऐकू येतं. त्यातलं एक अक्षरही स्क्रीन रीडर आपणहून वाचत नाही. मात्र त्या चार जागांवर मी चार पारदर्शक वर्तुळं ठेवली होती, आणि टॅब दाबला की फोकस, म्हणजे कीबोर्ड जिथे काम करतो ती जागा, बरोबर त्या चारच वर्तुळांवर जात होता. ताईंनी टॅब, एंटर, टॅब, एंटर असं चारदा केलं. कोर्स म्हणाला, शाब्बास! चारही बरोबर.

"पैकीच्या पैकी मिळाले," ताई सांगत होत्या. "मेलमध्ये काय होतं ते आजतागायत माहीत नाही."

पुढच्या स्लाइडवर गाडी अडली. पाच कार्डं माऊसने ओढून पाच खोक्यांत टाकायची. कीबोर्डने काहीच हलेना, आणि हे झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरचा सहकारी आला, भराभर कार्डं ओढली आणि आपल्या जागेवर गेला. रेकॉर्डमध्ये कोर्स ताईंनीच पूर्ण केला असं आहे. तेराव्या स्लाइडवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: 'आपलं लॉगिन दुसऱ्या कुणालाही वापरू देऊ नका.' तेही मीच लिहिलेलं.

(एक हात गळ्यात अडकवलेला तरुण, डाव्या हाताने कीबोर्ड दाबतोय.)

कीबोर्डवर चालणारे सगळे अंध असतात, असं मात्र नाही. हात थरथरणाऱ्याला माऊसचा बाण स्थिर ठेवता येत नाही. आमच्याच ऑफिसातला एक टेस्टर गाडीवरून पडला आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. दीड महिना तो टॅब, शिफ्ट-टॅब आणि एंटरवर काम करत होता. त्याला छान दिसतं, तरी त्याचीही फजिती. टॅब दाबत गेला की आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट पडद्यावर फिरायला हवी. ती चौकट 'डिझाइनला शोभत नाही' म्हणून आमच्या डिझायनरने एका ओळीच्या कोडने काढून टाकली होती. आम्ही सगळ्यांनी होकार दिला होता.

चाचणीत वीस प्रश्न, पंधरा मिनिटं. दिव्यांग उमेदवारांना लेखी परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा द्यावीत, असं केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं. माझ्या कोर्समधल्या घड्याळाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. सायबर सुरक्षेच्या प्रश्नांना घड्याळ लावण्याचं कारण तरी काय, हे आता मला कुणी विचारलं तर उत्तर नाही. सॉफ्टवेअरमध्ये सोय होती, म्हणून लावलं.

(कागदपत्रं, कायद्याची पानं.)

हे सगळं नव्याने कळलेलं नाही. वेबसाठीची सुगम्यतेची, म्हणजे सगळ्यांना वापरता येण्याची, जागतिक नियमावली १९९९ ची. माऊसने जे करता येतं ते कीबोर्डनेही करता आलं पाहिजे, हे तिच्या २००८ च्या आवृत्तीत स्पष्ट आहे. जिथे ओढावं लागतं तिथे नुसत्या क्लिकचाही पर्याय द्या, ही भर २०२३ ची. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो खटला बँकांच्या केवायसीवरूनच उभा राहिला होता. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, अशी अट होती. एका याचिकेत ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून होत्या, दुसरी अंध वकील अमर जैन यांची.

एक संधी तर आम्ही हातची घालवली. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद पडलं, तेव्हा फ्लॅशमधले जुने कोर्स सगळ्यांना नव्याने बांधावे लागले. भिंती पाडल्याच होत्या, तेव्हाच दार रुंद करता आलं असतं. आम्ही जुना नकाशा समोर ठेवून तेच घर पुन्हा बांधलं.

(एडिटिंगचा पडदा. वस्तूंची लांबच लांब यादी.)

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. कोर्समध्ये दोनशेच्या वर वस्तू निघाल्या. निम्म्या नुसत्या शोभेच्या: सावल्या, रेघा, हेडफोन लावून हसणारी ती बाई, जी प्रत्येक कोर्समध्ये हसत असते. तिचं वर्णन लिहायला बसले होते, तर ताई म्हणाल्या, "कशाला? तिला गप्प बसव." शोभेच्या वस्तू स्क्रीन रीडरपासून लपवता येतात, एका खुणेचं काम. बाकीच्यांना नावं दिली. रेक्टँगल सात झालं 'पुढे'. चौथ्या स्लाइडचा क्रम हाताने लावला: आधी हिरवा रकाना पूर्ण, मग लाल. आवाज आता बटण दाबल्यावरच सुरू होतो. पाच कार्डांच्या जागी पाच ड्रॉपडाउन आले. दिसायला साधे आहेत खरे, पण माऊसवाल्यांचंही काम त्यांनी लवकर होतं. घड्याळ काढून टाकलं.

मराठी आवृत्तीत वेगळंच झेंगट. मजकूर बाहेरून आलेला, जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये. डोळ्यांना शुद्ध मराठी, आत रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचणार: डॉलर, स्वल्पविराम, कंस. तो सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला, तरी अर्ध्या पानांवर शुकशुकाट. कारण पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली, त्यामुळे वाचायला इंग्रजी आवाज आला आणि देवनागरी ओलांडून पुढे गेला. भाषेच्या त्या नोंदीत दोन अक्षरांचा बदल. तो शोधायला माझी अख्खी दुपार गेली.

(पुन्हा ताईंचं टेबल. स्क्रीन तशीच काळी.)

अकरावी स्लाइड मी मुळापासून लिहिली. आता तो मेल खरा मजकूर आहे, खाली विधानं आणि चेकबॉक्स. ताई पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर थांबल्या. बाण दाबत एकेक अक्षर ऐकू लागल्या.

"एस. यू. पी. पी. झीरो. आर. टी."

"शून्य आहे," ताई लगेच म्हणाल्या. 'सपोर्ट'मधल्या ओच्या जागी मी शून्य घातलं होतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच गोल. ऑफिसमध्ये तिघांना दाखवलं होतं, तिघांनाही ते सापडलं नव्हतं.

चाचणी त्यांनी अकरा मिनिटांत संपवली. दोन उत्तरं चुकली, त्यावर माझ्याशी वादही घातला, आणि एका प्रश्नात त्यांचंच बरोबर निघालं. मग प्रमाणपत्र डाउनलोड झालं. ताईंनी फाइल उघडली. बाण दाबला. पुन्हा दाबला.

"ब्लँक," स्क्रीन रीडर म्हणाला. "ब्लँक."

पीडीएफमध्ये नाव होतं, तारीख होती, सोनेरी किनार होती. सगळं मिळून एक चित्र.

ताईंनी इयरफोन काढला आणि माझ्या दिशेने वळल्या.

"हे पण तूच केलंयस का गं?"

(पडदा काळा.)