पाठीवरचा करंट आणि मुलांची चाल

नमस्कार श्रोतेहो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे आईवडील मला हल्ली हमखास विचारतात, "पाठीला करंट दिला की पोरं चालायला लागतात म्हणे. खरं का?" अर्धं खरं आहे.

या मुलांच्या पायांत मुळात दोष नसतो. जन्माआधी, जन्मताना किंवा नंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. मेंदूचा मज्जारज्जूवरचा ताबा सुटतो आणि बहुतेक मुलांचे स्नायू ताठतात. पडवीत भिंत धरून उभं राहिलेलं मूल नीट बघा. टाचा टेकत नाहीत, गुडघे एकमेकांना घासतात, पाऊल उचलायला गेलं की सगळं अंग आखडतं.

चालीची लय सांभाळणारी चेतापेशींची जाळी मात्र कमरेकडच्या मज्जारज्जूत असतात. पाठीवर चिकटपट्ट्या लावून सौम्य वीज सोडली, की ती जाळी सावध होतात. चिरा नाही, टाके नाहीत. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ट्रेडमिलवरच्या सरावाला अशी वीज जोडली, तेव्हा मुलांचा ताठरपणा कमी झाला. पण त्या प्रयोगात मुलं होती फक्त चार! आणि त्यांना नुसतं झोपवून करंट दिला नव्हता, वीज चालू असताना ती चालत होती. सरावाशिवाय नुसत्या विजेने मूल चालेल, असं या प्रयोगातून म्हणता येत नाही.

आपल्याकडे अडतं ते सरावापाशीच. घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत जांभ्याची पाखाडी, आणि सात-आठ वर्षांचं पोर कडेवर घेऊन आई ती चढणार. भातलावणी आली की फिजिओथेरपीच्या फेऱ्या बंद. तेवढ्यात पोटरी आखडते, घोटा वळेनासा होतो. हे मला फार सलतं, कारण पोटरीचा ताण आणि उभं राहण्याचा सराव घरी ओट्यावरही होतो. एकदा शिकून घ्या, रोज करा.

आणि कंबरदुखीसाठी मिळणारं टेन्स मशीन आणून मुलाच्या पाठीला कृपा करून लावू नका. ते यंत्र या उपचाराचं नव्हे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, तेव्हा मूल दाखवा. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यांच्याकडून पुढे मोफत उपचारांसाठी पाठवतात. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीचाही. त्याला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, ते आधी काढून ठेवा.