दोन अधिक दोन चार, हे कशावरून?

श्रोतेहो, नमस्कार.

दोन अधिक दोन चार होतात, याबद्दल आपल्यापैकी कोणालाही शंका नाही. लहानपणी चिंचोके मांडून ते आपण पाहिलेले असते आणि पुढे बाजारात, बँकेत, हिशेबाच्या वहीत आयुष्यभर त्याचा पडताळा येत राहतो. तरीही काही थोर गणितज्ञांनी हे विधान सिद्ध करण्यासाठी मनापासून परिश्रम घेतले. उत्तर त्यांनाही ठाऊकच होते. ते उत्तर कोणत्या आधारावर उभे आहे आणि त्यासाठी कमीत कमी किती गोष्टी मान्य कराव्या लागतात, याचा शोध त्यांना घ्यायचा होता.

जर्मन तत्त्वज्ञ लायब्नित्स यांनी केलेली सिद्धता त्यांच्या मृत्यूनंतर, १७६५ साली प्रसिद्ध झाली. दोन म्हणजे एक अधिक एक, तीन म्हणजे दोन अधिक एक आणि चार म्हणजे तीन अधिक एक, अशा व्याख्या त्यांनी केल्या. मग दोन अधिक दोन म्हणजे दोन अधिक एक अधिक एक. त्यातील दोन अधिक एक यांचे तीन झाले, आणि तीन अधिक एक म्हणजे व्याख्येप्रमाणे चार. ऐकताना यात काही राहून गेले असे वाटत नाही. परंतु १८८४ साली जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे यांनी यातील उणीव दाखवली. दुसऱ्या दोनाची फोड केली की ‘एक अधिक एक’ हे कंसात असते, म्हणजे त्यांची बेरीज आधी करून ती दोनात मिळवायची असते. लायब्नित्स यांनी मात्र कंस गाळून आधी एक मिळवला आणि मग दुसरा. कंस सरकवल्याने बेरीज बदलत नाही, हा जो नियम शाळेच्या पुस्तकात साहचर्य गुणधर्म म्हणून येतो, तो त्यांनी न सांगता वापरला होता. एवढ्या मोठ्या विचारवंताच्या नजरेतून एक कंस निसटावा, यावरूनच अशा सिद्धतेला किती सावधपणा लागतो ते कळते.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग त्याआधीच, १८६१ साली, तेव्हाच्या प्रशियातील श्टेटिन शहरातील एका शिक्षकाने दाखवून ठेवला होता. त्यांचे नाव हेर्मान ग्रासमान. आपल्याकडील वेदाभ्यासकांना हे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे, कारण ऋग्वेदाचा जर्मन शब्दकोश रचणारे ग्रासमान ते हेच. पुढे १८८९ साली इटलीतील तुरिन येथे गणितज्ञ पेआनो यांनी एका लहानशा लॅटिन पुस्तिकेत संख्यांची गृहीतके मांडली. एक ही संख्या आहे. प्रत्येक संख्येला लगतची पुढची संख्या असते. दोन निरनिराळ्या संख्यांची पुढची संख्या एकच नसते. आणि एक ही कोणत्याही संख्येच्या पुढची नसते. याखेरीज एक महत्त्वाचे गृहीतक आहे, ते गणिती विगमनाचे: एखादी गोष्ट एकासाठी खरी असेल, आणि ती कोणत्याही संख्येसाठी खरी असली की तिच्या पुढच्या संख्येसाठीही खरी ठरत असेल, तर ती सर्व संख्यांसाठी खरी असते.

आता ग्रासमान यांनी दाखवलेल्या मार्गाने बेरजेची व्याख्या दोन वाक्यांत होते. एखाद्या संख्येत एक मिळवणे म्हणजे तिच्या पुढची संख्या घेणे. आणि एखाद्या संख्येत दुसरीच्या पुढची संख्या मिळवणे म्हणजे त्या दोघींची बेरीज करून तिच्या पुढची संख्या घेणे. दोन ही एकाच्या पुढची, म्हणून दोन अधिक दोन म्हणजे, दोन अधिक एक यांच्या पुढची संख्या, म्हणजेच तिनाच्या पुढची, म्हणजेच चार. लायब्नित्स यांनी गाळलेला कंस इथे व्याख्येतच येऊन बसला आहे.

मी शिकवत असताना पाचवीतील एका मुलीने मला विचारले होते, की सात अधिक पाच आणि पाच अधिक सात यांचे उत्तर नेहमी सारखेच का येते. करून पाहा म्हणजे कळेल, असे मी तेव्हा सांगितले, आणि ते उत्तर अपुरे होते याची मला आजही खंत वाटते. करून पाहणे फसवे ठरू शकते. एखाद्या संख्येचा वर्ग घ्या, त्यात ती संख्या मिळवा आणि आणखी एक्केचाळीस मिळवा. एकापासून एकोणचाळीसपर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळते. चाळिसाला मात्र १६८१ येतात, आणि ते एक्केचाळीस गुणिले एक्केचाळीस आहेत.

त्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर विगमनात आहे. प्रथम एक अधिक कोणतीही संख्या आणि ती संख्या अधिक एक हे समान आहेत, एवढेच दाखवायचे. एक आणि एक यांच्याबाबत ते उघडच आहे. एखाद्या संख्येबाबत ते खरे आहे असे धरा. तिच्या पुढची संख्या एकात मिळवली, तर व्याख्येप्रमाणे जुन्या बेरजेच्या पुढची संख्या मिळते. जुनी बेरीज म्हणजे आपण धरलेल्या संख्येच्या पुढची संख्या, म्हणून नवी बेरीज तिच्याही पुढची. नव्या संख्येत एक मिळवूनही आपण तेथेच पोहोचतो. मग याच रीतीने साहचर्य गुणधर्म सिद्ध करायचा, आणि या दोहोंच्या आधारे कोणत्याही दोन संख्यांची अदलाबदल करता येते. जी संख्या कोणी कधी लिहिलेली नाही आणि लिहिणारही नाही, तिच्याबद्दलही आपण आता खात्रीने बोलू शकतो. शुद्ध गणिताने मला आयुष्यभर बांधून ठेवले ते याच अनुभवाने.

गुणाकारातही संख्यांची अशीच अदलाबदल करता येते, याची सिद्धता मी आपल्यासाठी राखून ठेवतो. एखाद्या संख्येला एकाने गुणले तर तीच संख्या येते, आणि दुसरीच्या पुढच्या संख्येने गुणले तर आधीच्या गुणाकारात पहिली संख्या आणखी एकदा मिळवायची, ही व्याख्या धरा. एकाला कोणत्याही संख्येने गुणले की तीच संख्या येते, हे आधी सिद्ध करा, आणि मग तीन चोक आणि चार त्रिक यांच्याकडे वळा. एक कागद आणि एक निवांत संध्याकाळ त्यासाठी पुरेशी आहे.

नमस्कार.