मोजे, टब आणि मायची भाकरी

नमस्कार. मागे आवाज येतोय ना? दादा, तो पंखा एकावर करा जरा, माझे कागद उडतायत.

फळ्यावर विषय लिहिलाय, स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांची सांधेदुखी कशी मोजायची. मला चाळीस मिनिटं दिलीत. मी अमळनेरला फिजिओथेरपी करते, इथल्या निम्म्या बायका मला गुडघ्यामुळे ओळखतात, त्यामुळे ओळख नको. पण सुरुवात मी मायपासून करणार, ती तिसऱ्या रांगेत बसलीय, तिला विचारूनच सांगतेय.

मायचं ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक म्हणजे रेडिएशन झालं, आणि मग डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, लेट्रोझोल, अडीच मिलिग्रॅम, रोज एक, पाच वर्षं. इथे बसलेल्या कितीतरी जणी हीच किंवा हिच्या बहिणी घेत असतील, अॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन. पाळी गेल्यावरही शरीरात थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं, चरबीत, स्नायूत, अॅरोमाटेज नावाचं एक एन्झाइम ते बनवतं, आणि ही गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. ज्या गाठी इस्ट्रोजेनवर पोसतात त्यांची उपासमार होते. गोळी फार चांगली आहे, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणी घरी जाऊन गोळी बंद करायची नाही. तेच इस्ट्रोजेन सांध्यांनाही सांभाळत असतं, ते गेलं की बोटं, मनगट, गुडघे कुरकुरायला लागतात, बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन महिन्यातच. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 2007 साली अशा 200 बायकांना विचारलं तेव्हा 47 टक्के म्हणाल्या सांधे दुखतात. म्हणजे जवळपास निम्म्या.

मायचं मला कशावरून कळलं सांगू? भाकरीवरून. माय कळण्याची भाकरी काठवटीत थापायची, ज्वारी-उडदाचं ते काळसर पीठ, दोन्ही हात फिरायचे आणि भाकरी आपोआप गोल फिरायची, कड एकसारखी, कागदासारखी. एक दिवस ताटात भाकरी आली, मध्ये पातळ, कडेला जाड, आणि तिच्यावर तळहाताचा ठसा. बोटांचा नाही, तळहाताचा. मी स्वयंपाकघरात गेले तर माय बोटं वर उचलून नुसत्या तळव्याने थापत होती. मी म्हटलं काय झालं, तर म्हणे, "मूठ वयत नही व माय." सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही तिची, आणि हे चार महिने चाललेलं. मी घरात फिजिओ असून तिने सांगितलं नाही, कारण तिला वाटलं वय झालं. शेजारच्या काकूंनी चिकुनगुन्याचं निदान करून टाकलं होतं. 2006 साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तेव्हापासून आपल्याकडे कोणाचाही सांधा दुखला की चिकुनगुन्या, मग तो माणूस तेव्हा पाळण्यात का असेना!

तर मी तिला तपासणीला घेऊन गेले, मोठ्या शहरात, मोठं हॉस्पिटल, नाव घेत नाही. तिथे एक मुलगी फॉर्म घेऊन आली, गोड मुलगी, तिचा काही दोष नाही. वोमॅक म्हणून एक फॉर्म आहे, कॅनडात तयार झालेला, जगभर वापरतात, 24 प्रश्न, दुखण्याचे 5, आखडण्याचे 2 आणि कामाचे 17. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार, त्रास जास्त तर आकडा जास्त. मुलगी वाचायला लागली. मोजे घालताना किती त्रास होतो? माय म्हणे, काहीच नाही. मोजे काढताना? काहीच नाही. अहो, जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात मोजे कोण घालतं, मायने जन्मात घातले नाहीत! मग, टबमध्ये उतरताना-चढताना? माय माझ्याकडे बघायला लागली, तिला टब म्हणजे कपडे भिजवायचा प्लास्टिकचा टब माहिती, त्यात उतरायचं कशाला? म्हणे, काहीच नाही. कारमध्ये चढता-उतरताना? आम्ही तर एसटीने गेलेलो. काहीच नाही.

मी मध्ये बोलले, ताई, हे हिला लागूच होत नाही, तर ती म्हणे मॅडम, रकाना रिकामा ठेवता येत नाही, शून्य टाकते. चार प्रश्न, प्रत्येकी चार, म्हणजे कामाच्या 68 पैकी 16 मार्कांची जागाच गेली, तिथे दुखणं नोंदवायला वावच राहिला नाही. आणि खरी गोष्ट पुढेच आहे, तो फॉर्म मुळात गुडघ्याचा आणि खुब्याचा. त्यात बोटांबद्दल एकही प्रश्न नाही! जिची मूठ वळत नाही तिला विचारलं मोजे, आणि कागदावर आलं त्रास सौम्य. डॉक्टर कागद बघून म्हणाले छान आहे, गोळी चालू ठेवा, पाच मिनिटात बाहेर.

माय घरी आली, आणि तिने गोळी बंद केली. कोणाला सांगितलं नाही. मला कळलं दोन महिन्यांनी, पापडाला उडदाची डाळ काढायला गेले तर डाळीच्या डब्यात तीन पाकिटं, एकाचीही चांदी फाटलेली नव्हती. मी ओरडले तिच्यावर, ते आजही मनात सलतं. ती एवढंच म्हणाली, कागदावर त्रास नाही म्हणे, मग मी काय सांगू.

अमेरिकेत 500 बायकांवर एक अभ्यास झाला, त्यात दर 100 मागे 24 जणींनी दोन वर्षांच्या आत निव्वळ सांधे-स्नायू दुखतात म्हणून ती गोळी सोडली. कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिलेली गोळी. म्हणून मी म्हणते हे मोजणं म्हणजे कागदपत्रांचं काम नाही. नीट मोजलं असतं तर डॉक्टरांनी त्याच दिवशी काहीतरी केलं असतं, जे नंतर केलंच, गोळी बदलून दिली, व्यायाम लावला.

आणि आपल्या देशात कोणी विचारच केला नाही असंही नाही हं. दिल्लीत डॉ. मालवीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली आमवाताच्या रुग्णांसाठी 12 प्रश्नांचा भारतीय फॉर्म छापला, त्यात साडी-धोतर नेसता येतं का, संडासात उकिडवं बसता येतं का, रिक्षात चढता येतं का, भाजीबाजार करता येतो का, असं सगळं आहे. वाचून मला भरून आलं होतं. पण गोळी घेणाऱ्या आपल्या बायकांपर्यंत तो कोणी आणत नाही.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. अरे बापरे. बरं, आता मुद्द्याचं पटापट सांगते, लिहून घ्या.

एक पद्धत आहे, पेशंट स्पेसिफिक फंक्शनल स्केल, 1995 साली कॅनडातच निघाली, आणि तिच्यात छापील कामंच नाहीत. बाईनेच सांगायची, आता जड जाणारी तीन ते पाच कामं, आणि प्रत्येकाला शून्य ते दहा मार्क द्यायचे. शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे आधीसारखं जमतं. इथे उलटं आहे बरं का, आकडा जास्त तर तब्येत चांगली. मायने सांगितलं भाकरी थापणं 3, कपडे पिळणं 2, ब्लाउजची हुकं 4, मांडी घालून बसल्यावर उठणं 5. कोणी कापूस वेचणं म्हणेल, कोणी बिबडे थापणं, कोणी नातवाला उचलणं. सरासरी दोन मार्कांनी हलली तर फरक खरा धरतात, एखाद्याच कामाचं बघायचं तर तीन. हे गोळी सुरू व्हायच्या आधी एकदा लिहायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आधीचं माहीत नसेल तर गोळीने झालं की वयाने हे कोण सांगणार. मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी.

दुखणं वेगळं मोजायचं, शून्य ते दहा, गेल्या 24 तासातलं सगळ्यात जास्त किती, आणि सकाळी किती मिनिटं आखडतं ते मिनिटात. शक्यतो दर वेळी सकाळचीच वेळ धरा, दुपारी काम करून सैल झालेला हात खोटं सांगतो. मुठीची ताकद मोजायला डायनामोमीटर असतं, महाग आहे, नसेल तर बीपीच्या कफची गुंडाळी करा, 20 पर्यंत हवा भरा, ती मुठीत देऊन आवळायला सांगा, काटा कुठवर जातो लिहा, तीन वेळा, दोन्ही हात. पायांसाठी, खुर्चीवरून हात न टेकवता 30 सेकंदात किती वेळा उभं राहता येतं ते मोजा, साठ ते चौसष्टच्या बाईला 12 च्या खाली आलं तर पाय कमजोर.

गल्लत करू नका, केमोची मुंग्या-बधिरता वेगळी, ऑपरेशनच्या बाजूचा आखडलेला खांदा वेगळा. आणि एकच हाड रात्री ठणकत असेल किंवा एकच सांधा लाल होऊन सुजला असेल तर मार्क देत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

उपाय? व्यायाम. येल विद्यापीठाने 121 बायकांवर वर्षभर करून बघितलं, आठवड्याला दोन वेळा वजनाचे व्यायाम आणि 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, सगळ्यात जास्त दुखण्याचा आकडा 29 टक्के उतरला, ज्यांनी केला नाही त्यांचा 3 टक्के चढला. सुरुवातीला दुखतंच, माय मला शिव्या द्यायची. तिची भाकरी आता 3 वरून 7 वर आलीय, 10 नाही.

झालं, आयोजक उभे राहिले. कोरे कागद दाराशी ठेवलेत, वर कोणतंही काम छापलेलं नाही, रेघा तेवढ्या आहेत. बीपीचा कफ इथे टेबलावर आहे, ज्यांना मूठ मोजायची त्यांनी रांगेने या, बांगड्या वर सरकवा, उजवा हात आधी. माय, तू बस, तुझं सकाळी घरीच झालंय.