केसांवरचा पापुद्रा

पार्लरमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणींनो, ही काचपट्टी एकमेकींकडे देत जा. सकाळी हिच्यावर केसांच्या जेलचे दोन थेंब पसरून वाळवले आहेत. नखाने हलकेच खरवडा, पारदर्शक पापुद्रा सुटेल. आता त्यावर तोंडाची वाफ सोडून बोट टेकवा. चिकटलं ना? पावसाळ्यातल्या कार्यात दुपारपर्यंत केस चिकट का होतात, ते तुम्ही आत्ता बोटाने पाहिलंत.

हा पापुद्रा पॉलिव्हिनाइलपायरोलिडोनचा. हे एक पॉलिमर, म्हणजे छोटे रेणू दुव्यांसारखे जोडून बनलेली लांब साखळी. बाटलीवर ‘पीव्हीपी’ लिहिलेलं असतं, तोच हा. स्प्रेचा थेंब दोन केस जिथे टेकतात तिथे बसतो, अल्कोहोल उडून जातं आणि सोनाराने डाख लावावा तसा सांधा तयार होतो. पीव्हीपी येण्याआधी हे काम लाखेचं होतं. झारखंडातल्या पळस-कुसुमावर वाढणाऱ्या किड्यांची ती लाख. पण ती पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे धुताना हाल. पीव्हीपी पाण्याने निघून जातो. मात्र पाण्याची ही ओढच त्याला दमट हवेत चिकट करते, म्हणून त्याच्या साखळीत व्हिनाइल ॲसिटेटचे दुवे मिसळतात. ‘व्हीपी/व्हीए कोपॉलिमर’ असं वाचाल, तेव्हा तो हा सुधारलेला भाऊ.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न, हे सुरक्षित आहे का? मला हा प्रश्न अर्धाच वाटतो. शरीरात शिरणार कुठून, तेही विचारायला हवं.

त्वचेतून सहसा ५०० पर्यंत रेणूभाराचे, म्हणजे हलक्या, छोट्या रेणूंचे पदार्थच सहज आत जातात. जेलमधल्या पीव्हीपीचा रेणूभार हजारांत, कधी लाखांत असतो. तो वरच राहतो, म्हणून धडधाकट त्वचेवर लावायला मी त्याला घाबरत नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाच पदार्थ रक्तद्रवाच्या जागी शिरेतून दिला गेला होता. त्यातल्या मोठ्या साखळ्या मूत्रपिंडातून गाळल्या जाईनात. त्या यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मगजात साठून राहिल्या. पदार्थ तोच, वाट बदलली.

तिसरी वाट श्वासाची, आणि तुमच्यासाठी तीच महत्त्वाची. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हेअर स्प्रे वापरणाऱ्या रुग्णांच्या फुप्फुसांत बिघाड नोंदवला आणि तो स्प्रे साठल्याने झाला, असं म्हटलं. पुढच्या अभ्यासांत हा संबंध पक्का ठरला नाही. पण स्प्रेत एकटं पॉलिमर नसतं. १९७४ पर्यंत अमेरिकेतल्या काही हेअर स्प्रेंमध्ये फवारा उडवायला व्हिनाइल क्लोराइड वायू वापरत. तो माणसात कर्करोग करतो हे स्पष्ट झालं, आणि तो काढावा लागला. दुसरी गोष्ट, साखळी बनताना न जुळलेले सुटे दुवे, म्हणजे व्हिनाइलपायरोलिडोन. ते हुंगवल्यावर उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या होत्या. म्हणून औषधी दर्जाच्या पीव्हीपीत त्यांची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग एवढीच ठेवली आहे. बाटली घेताना स्वस्तावर जाऊ नका, असं मी सांगते ते यासाठी.

लग्नसराईत मी एका पार्लरच्या बंद खोलीत उभी होते. एसी चालू, खिडकीला पडदा. नवरीने डोळे मिटून श्वास रोखला होता. स्प्रे मारणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी मात्र बोलत होती, श्वास घेत होती, आणि दिवसभरातली तिची ती पाचवी नवरी. ग्राहकाची काळजी आपण घेतो. त्या मुलीची कोण घेणार? दहा मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे थेंब बहुतेक नाका-घशातच अडकतात, बारीक थेंब खोल जातात.

टेबलावर दोन बाटल्या आहेत, एक गॅसची आणि एक पंपाची. दिवे मालवून बॅटरीच्या झोतात दोन्ही एकेकदा मारू. पंपाचे थेंब लगेच खाली बसतील. गॅसचं धुकं झोतात किती वेळ तरंगतं, ते घड्याळ लावून मोजा. आणि त्याआधी, मागच्या बाजूला कोणीतरी खिडकी उघडा.